ऑपेरा हाऊसचे कुलूप

आमच्या बैहरला येणारी पत्रे पूर्वी पुष्कळदा मैहरची यात्रा करून येत. पत्ता लिहिणाऱ्याच्या हातून 'ब'चा 'म' झाला, की पाकीट थेट शारदामातेच्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पोचे आणि आठ-दहा दिवसांनी तिथला शिक्का घेऊन आमच्याकडे येई. आजही फोनवर गावाचे नाव सांगितले, की पलीकडून हमखास प्रश्न येतो, "मैहर? शारदा माई का मैहर?" मी म्हणतो, "नहीं भाई, बैहर. बालाघाट वाला. कान्हा के पास." मग पलीकडचा माणूस थोडा हिरमुसतो.

त्या हिरमुसण्यात काही वावगे नाही. मैहर हे संगीताच्या इतिहासातले मोठे नाव आहे. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली आणि असंख्य घरे ओस पडली. त्या साथीत पोरकी झालेली मुले गोळा करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहरचे राजे ब्रिजनाथसिंह यांच्या आश्रयाने एक वाद्यवृंद उभा केला. तोच पुढे 'मैहर बँड' म्हणून प्रसिद्ध झाला. बंदुकीच्या नळ्या कापून, त्या सुरात लावून खाँसाहेबांनी 'नलतरंग' नावाचे वाद्यही तयार केले. हिंदुस्थानी रागसंगीत अनेकांनी मिळून, बसवलेल्या रचनेत आणि एका माणसाच्या शिस्तीखाली वाजवायचे, हा प्रयोग त्या लहानशा संस्थानात झाला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर आम्ही बालाघाटचे लोक जुन्या मध्य प्रदेशाचे आणि आमची राजधानी नागपूर. त्या एका तारखेला नागपूर मुंबई राज्यात गेले आणि विंध्य प्रदेशातले मैहर नव्या मध्य प्रदेशात आले. म्हणजे एका रात्रीत मैहर आमचे झाले आणि नागपूर परके. सरहद्दीवरच्या माणसाला वारशाचा हिशेब असा मधूनमधून नव्याने मांडावा लागतो. कोणते संगीत आपले, कोणती वास्तू आपली, हे नकाशावरून ठरत नाही. हे मला उमगले ते मुंबईत, एका बंद दारासमोर. तीच हकीकत आणि त्यामागचा इतिहास वाचकांपुढे ठेवतो आहे.

*

१९९४ सालची गोष्ट. नागपूरहून इतिहासाची एम. ए. करून मी नुकताच नोकरीला लागलो होतो. थंडीच्या दिवसांत आईला घेऊन गिरगावात मावशीकडे गेलो होतो. मावशीच्या चाळीत सकाळी वर्तमानपत्र आले आणि त्यात वाचले, की झुबिन मेहता इस्रायल फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद घेऊन मुंबईला येत आहेत. भारत आणि इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जुळले होते आणि त्यानंतर हा वाद्यवृंद पहिल्यांदाच भारतात येत होता.

मी मावशीला म्हटले, "मावशी, जगातला फार मोठा कंडक्टर येतोय."

मावशी भाजी निवडत होती. म्हणाली, "कंडक्टर? बेस्टचा का रे?"

मी हसलो खरा. पण माझे ज्ञान तरी कुठे मोठे होते? मनाशी म्हटले, एवढा मोठा वाद्यवृंद येणार तो ऑपेरा हाऊसलाच येणार. नावच तसे आहे आणि चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिकीट परवडणार नव्हते, निदान बाहेरून गर्दी तरी पाहू, म्हणून संध्याकाळी गेलो.

तिथे गर्दी नव्हती आणि दिवेही नव्हते. मोठी वास्तू, दाराला कुलूप, पायऱ्यांवर धूळ. जवळ बसलेल्या रखवालदाराला विचारले, "दादा, झुबिन मेहतांचा कार्यक्रम इथेच ना?"

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "साहेब, इथे आता काही होत नाही. वर्ष झालं बंद पडून."

मी मुकाट्याने परत फिरलो. मावशीला काही सांगितले नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न मात्र चिकटला. ज्या घराच्या नावातच संगीतनाट्य आहे, ते बंद का? आणि ज्याचा जन्म याच शहरात झाला, तो माणूस शंभर वादकांना घेऊन घरी आला असताना त्या घराचे दार त्याच्यासाठी उघडले का नाही?

*

घराची कथा आधी सांगतो. रॉयल ऑपेरा हाऊसची कल्पना १९०८ च्या सुमाराची. कलकत्त्याला बस्तान ठेवून जिब्राल्टरपासून जपानपर्यंत इंग्रजी नाटक मंडळ्या फिरवणारा मॉरिस बँडमन हा एक कर्ता आणि कोळशाच्या दलालीत नाव कमावलेले पारशी गृहस्थ जहांगीर फ्रामजी काराका हे दुसरे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज बादशहा दिल्ली दरबारासाठी आले, तेव्हा बांधकाम पुरे व्हायच्या आधीच त्यांच्या हस्ते उद्घाटन उरकले गेले. त्यानंतरही काही वर्षे काम चालूच होते. युरोपातल्या बरोक थाटाची ही इमारत. आत सज्जे, बड्या लोकांसाठी बाजूच्या खोल्या, लोंबती झुंबरे, आणि वर आठ भागांत विभागलेला, कवी-नाटककारांच्या स्मरणार्थ रंगवलेला घुमट.

हे घर पहिल्यापासून पाहुण्यांसाठी बांधलेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बोटीतून उतरणाऱ्या मंडळीने काही रात्री खेळ करावेत आणि पुढल्या बंदराला निघून जावे, असा तो व्यवहार होता. पाहुणे येईनासे झाले, तेव्हा घर कोणी जगवले? काही अंशी आपल्या लोकांनी. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे सूर या वास्तूने ऐकले. पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्सनेही इथे प्रयोग केले. पण नाटकाच्या उत्पन्नावर एवढा डोलारा उभा राहणे कठीण होते. बोलपट आला आणि १९३० च्या दशकात ऑपेरा हाऊस मुख्यत: सिनेमाचे थिएटर झाले. १९५२ मध्ये गोंडलच्या महाराजांनी ते विकत घेतले. पुढे घरोघरी टी.व्ही. आणि व्हिडिओ आला, एका पडद्याच्या थिएटरांचे दिवस फिरले आणि १९९३ मध्ये कुलूप लागले. नाव मात्र टिकले. बसथांब्याचे नाव ऑपेरा हाऊस, हिऱ्यांच्या बाजाराचा पत्ता ऑपेरा हाऊस. ऑपेरा म्हणजे काय, हे ठाऊक नसलेले हजारो लोक रोज तो शब्द उच्चारून बसचे तिकीट काढत होते.

*

आता माणसाची कथा. पण त्याआधी कंडक्टर म्हणजे काय, ते सांगायला हवे, नाहीतर मावशीचा प्रश्न अनुत्तरित राहील.

आपल्या संगीत नाटकात गाणारा नटच सर्वांचा पुढारी. बालगंधर्व गाऊ लागले, की ऑर्गन, सारंगी आणि अहमदजान थिरकवाँसाहेबांचा तबला त्यांच्या मागोमाग जाई. गायकाने एखादी जागा लांबवली, प्रेक्षकांनी वन्स मोअर मागितला, की साथीदार तिथल्या तिथे सांभाळून घेत. सर्वांच्या मनात एकच स्वररेषा असते, म्हणून हे साधते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात तसे नसते. तिथे व्हायोलिनवाल्याच्या कागदावर एक ओळ, तुतारीवाल्याच्या कागदावर दुसरी, आणि एखाद्याच्या कागदावर नुसता मुक्काम, म्हणजे साठ मात्रा गप्प बसायचे आणि एकसष्टाव्या मात्रेला एक ठोका द्यायचा. कोणाजवळही पुरे गाणे नसते. सर्व ओळी एका पानावर मांडलेली संहिता फक्त संचालकापुढे असते. म्हणून शंभर माणसांत त्याची गरज. गंमत अशी, की साऱ्या सभागृहात एकही सूर न काढणारा माणूस तोच. (आम्हा हेडमास्तर लोकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.)

पूर्वी लय दाखवण्यासाठी जमिनीवर जड काठी आपटीत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातला संगीतकार ल्युली याने १६८७ मध्ये अशी काठी चुकून स्वत:च्या पायावर मारून घेतली. जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात काठीच्या जागी हातातली बारीक कांडी रूढ झाली आणि संचालक हा स्वतंत्र पेशा झाला.

हा पेशा मुंबईत रुजवण्यामागे एका पारशी व्हायोलिनवादकाचा फार मोठा वाटा आहे. मेहली मेहता यांचा जन्म १९०८ चा. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करण्यात पुढाकार घेतला. बेल्जियमचे ज्यूल्स क्रान हे त्याचे संचालन करीत आणि मेहली पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर असत. वादक कोण? पारशी हौशी मंडळी, युद्धाच्या वावटळीत मुंबईला आलेले युरोपीय, आणि मोठ्या संख्येने गोव्याचे ख्रिस्ती वादक. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकलेली ही माणसे रात्री सिंफनी वाजवीत आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. त्यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा कार्यक्रम केला. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात ते नाव आले, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांची गुरुदक्षिणा म्हणून. आपण ते गाणे विनोदी म्हणून ऐकत आलो.

१९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून येहुदी मेन्युहिन भारतात आले आणि दुष्काळनिधीसाठी त्यांनी व्हायोलिनचे कार्यक्रम केले. याच मुक्कामात मुंबईला त्यांची पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांशी गाठ पडली आणि योगासनांना एक जगप्रसिद्ध शिष्य मिळाला. मेहलींचा मुलगा झुबिन तेव्हा सोळाव्या वर्षात होता. घरात वादकांच्या तालमी ऐकत तो वाढला होता आणि वडिलांच्या वाद्यवृंदाच्या तालमीत कधीकधी कांडीही हाती घेत होता. घरचे स्वप्न मात्र डॉक्टरकीचे. मराठी घरांना हे नवे नाही. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, त्याने वैद्यकाचा नाद सोडला आणि व्हिएन्नाला जाऊन हान्स स्वारोव्स्की यांच्या हाताखाली शिकू लागला. १९५८ मध्ये लिव्हरपूलची संचालकांची स्पर्धा जिंकली. पुढे माँट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्रायल इथल्या वाद्यवृंदांची धुरा त्याने वाहिली.

वडीलही १९५५ मध्ये मुंबई सोडून मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात गेले आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झाले. मुंबईचा वाद्यवृंद पुढे टिकला नाही. ज्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये त्या काळी पाश्चात्त्य संगीताच्या मैफली होत, त्याचे १९९६ मध्ये आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय झाले. मेहता पितापुत्रांना शहर सोडावे लागले, ते शहराने हाकलले म्हणून नव्हे. एखाद्याची विद्या पुरेल एवढी जागा घरात नसली, की माणूस बाहेर जातो. आमच्या बालाघाट-गोंदियाच्या मुलांना हे वेगळे सांगायला नको.

*

झुबिन मेहता परतले, पण पाहुणे घेऊन. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद घेऊन ते मुंबईला आले, १९८४ मध्ये न्यूयॉर्कचा. त्या दोन्ही वर्षी ऑपेरा हाऊसच्या पडद्यावर हिंदी सिनेमा चालू होता. १९९४ मध्ये इस्रायलचा वाद्यवृंद आला, तेव्हा दाराला कुलूप लागून वर्ष झाले होते. २९ एप्रिल २०१६ रोजी मेहतांना ऐंशी वर्षे पुरी होणार होती. त्या निमित्ताने त्याच महिन्यात ते पुन्हा इस्रायल फिलहार्मोनिक घेऊन जन्मगावी आले. तेव्हा ऑपेरा हाऊसचे जीर्णोद्धाराचे काम अखेरीला आले होते. दार उघडले ते ऑक्टोबर २०१६ मध्ये. सहा महिन्यांनी गाठ चुकली.

न्यायाने बोलायचे, तर दार उघडे असते तरी एवढा मोठा वाद्यवृंद तिथे मावला असता का, ही शंकाच आहे. जीर्णोद्धारानंतर ऑपेरा हाऊसमध्ये पावणेसहाशेच्या आसपास खुर्च्या आहेत आणि रंगमंच फिरत्या नाटक मंडळ्यांच्या मापाचा आहे. शंभर वादक आणि हजारो श्रोते यांना ब्रेबॉर्न स्टेडियमसारखे मैदान किंवा नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय संगीतनाट्य केंद्र म्हणजे एन.सी.पी.ए. हेच सोयीचे. तेव्हा या चुकामुकीचा दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही. घर एका काळाच्या मापाने बांधले गेले आणि माणूस दुसऱ्या काळात मोठा झाला.

पण इतिहास इथे संपत नाही. घराच्या बाजूने पाहू. गोंडल घराण्याने वास्तू पाडून टोलेजंग इमारत उठवली नाही. वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली काही वर्षे काम चालले. जुनी छायाचित्रे शोधून, रंगांचे थर खरवडून मूळचे रंगरूप परत आणले गेले. पुन्हा उघडलेल्या त्या रंगमंचावर पहिल्यांदा गायल्या त्या पॅट्रिशिया रोझारिओ. त्यासुद्धा मुंबईत जन्मलेल्या, विलायतेत नाव मिळवून परतलेल्या. पाहुण्यांसाठी बांधलेल्या घराचे दार माहेरवाशिणीने उघडावे, हे मला फार समर्पक वाटते.

माणसाच्या बाजूने पाहू. १९९५ मध्ये मेहली मेहतांच्या नावाने मुंबईत एक संस्था निघाली आणि मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवू लागली. २००६ मध्ये एन.सी.पी.ए.ने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, झुबिन मेहता पहिल्यांदाच या वाद्यवृंदापुढे उभे राहिले. त्यातले बरेच वादक तेव्हाही परदेशातूनच आलेले होते, हे खरे. तरी फरक लहान नाही. आजवर ते दुसऱ्या शहरांचे वाद्यवृंद मुंबईला घेऊन येत होते. या वेळी वाद्यवृंद मुंबईचा होता आणि बाहेरून आले होते ते स्वत:. भारतीय नागरिकत्व ज्यांनी कधी सोडले नाही, अशा माणसाला जन्मगावचा वाद्यवृंद भेटायला साठ-पासष्ट वर्षे लागली.

*

आता पुन्हा मैहर. अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे १९३८ मध्ये एक तरुण शिकायला गेला होता, त्याचे नाव रविशंकर. त्यांनी पुढे सतार आणि वाद्यवृंद यांच्यासाठी 'रागमाला' ही रचना केली. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाने ती प्रथम सादर केली, तेव्हा सतारीवर स्वत: रविशंकर होते आणि संचालक होते झुबिन मेहता. साथीत पोरक्या झालेल्या मुलांना एकत्र वाजवायला शिकवणाऱ्या गुरूचा शिष्य आणि मुंबईत वाढलेला पारशी मुलगा एका मंचावर आले, ते सातासमुद्रापलीकडे. तेव्हा बैहरला येणारी पत्रे मैहरला जात असत याचे मला हल्ली वाईट वाटत नाही.

वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे, आणि ते सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. मी ज्या शाळेत हेडमास्तर आहे, तिथे कार्यालयाशेजारी एक लोखंडी कपाट आहे. संगीताचे गुरुजी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही, तेव्हा त्यांनी वाद्ये कपाटात ठेवून किल्ली माझ्या हाती दिली. मी ती टेबलाच्या खणात टाकली. नऊ वर्षे ती तिथेच होती. ऑगस्ट २०२३ मधला मुंबईचा तो कार्यक्रम वर्तमानपत्रात वाचताना एकदम त्या रखवालदाराचे शब्द आठवले. इथे आता काही होत नाही. कुलूप लावणाऱ्यांवर मी मनातल्या मनात किती लेख लिहिले होते! आणि एक कुलूप माझ्याच खणातल्या किल्लीचे होते.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडले. दोन हार्मोनियम होते, एकाचा भाता उंदरांनी खाल्लेला. ढोलकीचे कातडे सैल पडले होते. तीन बासऱ्या, एक बुलबुलतरंग, झांजांचा एकच जोड. मुले भोवती जमली. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या हिंदी, कोणाच्या गोंडी. दहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर जी, मेरे घर मांदर है, लाऊँ?" म्हटले, आण. पहिल्या दिवशी जे वाजले त्याला संगीत म्हणता येणार नाही. प्रत्येकजण आपली ओळ वाजवत होता आणि सर्व ओळी ठाऊक असणारा कोणी नव्हता. शेवटी नववीतली एक मुलगी फळ्याजवळची पट्टी घेऊन पुढे उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "पहिले सगळे गप्प." सगळे गप्प झाले. मला वाटते, सुरुवात तशीच होत असावी.

तेव्हापासून दर शनिवारी कपाट उघडते. खाल्लेला भाता गोंदियाहून दुरुस्त करून आणला. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजोबांची पेटी माळ्यावर पडून असेल. ती आमच्या शाळेला द्या, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसे म्हणणार नाही. या दिवाळीत ती खाली काढा, पुसा, आणि आधी आपल्याच घरात कोणी वाजवतो का ते पाहा. कोणीच नसेल तर मग कळवा. फक्त पत्त्यावर बैहर नीट लिहा.